लवू टिकमच्या इंजिनाचा भोंगा

"ओ घाटावरचे जावय, तुमच्या ह्या पेटयेत गाणी लागतत काय?"

भिवा मेथर होडीच्या पुढच्या टोकावर पाय सोडून बसला होता आणि तिथूनच ओरडून विचारत होता. मी मागे इंजिनाशेजारी गुडघ्यांवर बसून वायरीला टेप गुंडाळत होतो. किनाऱ्यावर अर्धं मोरवणे गोळा झालं होतं.

"गाणी नाहीत काका, बोंब आहे," मी म्हटलं. "इंजिन तापलं की बोंबलणार."

"मगे त्येका तुझी सासू काय वाईट होती?"

लोक खदाखदा हसले. नारळ घेऊन उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "भिवा, मेल्या, तोंड सांभाळ!" आणि स्वतःही हसल्या. हसला नाही तो एकच माणूस, माझा सासरा. तो दोर गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला.

मी सर्जेराव चौगुले. मूळचा गडहिंग्लजकडचा. गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकलो, कोकणात बाजाराच्या गावी दुकान टाकलं आणि लवू टिकमच्या दर्शनाच्या प्रेमात पडलो. ती गाबिताची, मी मराठ्याचा, ती समुद्रावरची आणि मी उसातला. दोन्हीकडून थोडा आरडाओरडा झाला, पण लग्न लागलं. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत मामा, म्हणजे सासरे, माझ्याशी धड एक वाक्य बोललेले नव्हते.

मी काही विचारलं तर ते समोरच्या माडाकडे बघत राहायचे. मग सासूबाई पुढे यायच्या, त्यांच्या तोंडासमोर उभ्या राहून माझंच वाक्य मोठ्यानं म्हणायच्या, "जावय विचारतत, जाळा सुकला काय?" मग मामा त्यांना उत्तर द्यायचे. त्यांना, मला नाही! ही रीत मला चांगलीच ठाऊक होती. आमच्याकडे माणूस रुसला की असंच करतो. माझा आजा सख्ख्या भावाशी मांजराच्या मार्फत बोलायचा. "मनीबाई, त्याला सांग, बैल सोडलेत म्हणावं." तेव्हा मामांच्या मनात काय आहे ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जावई पसंत नाही, विषय संपला.

आता पसंत नाही तर नाही, मीही कुठं त्यांच्यावाचून उपाशी मरत होतो? असं मी दर्शनाला दहा वेळा सांगायचो. पण खरं सांगायचं तर मला तो एक शब्द हवा होता. चांगला नसला तरी चालेल, शिवी दिली तरी चालेल, पण माझ्याकडे बघून दिलेली पाहिजे.

आणि तशी संधी आली ती त्या इंजिनापायी. मोरवण्याच्या खाडीच्या तोंडावर वाळूची दांडी आहे. पावसाळ्यात ती जागा बदलते. पाऊस सरल्यावर तिच्यावरून पहिली होडी बाहेर काढून परत आत आणायची हा मान मामांचा, आणि त्यांच्या आधी त्यांच्या वडलांचा. आधी लवू, मग बाकीचे. लवू कुठून गेला, कुठून आला ते बघून बाकीच्या होड्या जायच्या. पण आदल्या वर्षी नेमकं त्याच दिवशी, दांडीच्या थोडं अलीकडे मामांचं इंजिन तापून जाम झालं. राजन कुबलच्या होडीनं दोर लावून ओढत आणलं. गावात लगेच सुरू झालं, लवू म्हातारो झालो, ह्या वर्षी राजनाक फुडे घाला.

मग एक दिवस सासूबाई एसटीनं एकट्याच माझ्या दुकानावर आल्या. हातात बांगड्यांची, म्हणजे माशांची, पिशवी.

"जावयांनू, त्यांच्या इंजिनाक कायतरी लावा," त्या म्हणाल्या. "तापला की त्यांका कळात असा. एक मोठोसो काटो लावा."

"काटा कशाला मामी? नुसत्या काट्यानं काय होतंय? भोंगा लावतो. कानठळ्या बसल्या पाहिजेत."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "काटो मात्र होयोच हां."

"दोन्ही लावतो," मी म्हटलं. माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती.

ट्रॅक्टरचा तापमानाचा मीटर घेतला, मोठ्या तबकडीचा. त्याचा सेन्सर इंजिनाच्या डोक्यावरच्या बोल्टाखाली पट्टी घालून आवळला. शेजारी एक स्विच, तापला की आपोआप जोडला जाणारा. बॅटरी मोटारसायकलची, प्लॅस्टिकच्या बंद डब्यात. आणि भोंगा टेम्पो मागे घेताना वाजतो तसला, पण त्यातला सगळ्यांत बारीक, सगळ्यांत कर्कश आवाजाचा. इंजिनाचा आवाज जाडा, घर्घर घर्घर. जाड्या आवाजातून बारीक आवाज बरोबर आरपार जातो, हा माझा हिशोब. आणि तो बंद करायला बटणच ठेवलं नाही. बटण ठेवलं की माणूस ते दाबतो, हा अनुभव. डोकं थंड होईपर्यंत त्यानं बोंबलायचं.

अंगणात मी त्याची चाचणी घेतली. सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवला, आणि काय सांगू! दर्शनानं दोन्ही कान दाबले, कोंबड्या कुंपणावर उडाल्या, शेजारचा कुत्रा गळा काढून रडायला लागला. मामा पायरीवर जाळं विणत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

माझं डोकं असं सटकलं म्हणून सांगू. "बघितलंस?" मी दर्शनाला म्हटलं, "बॉम्ब फोडला तरी तुझा बाप माझ्याकडं बघायचा नाही." दर्शनालाही ते लागलं होतं.

म्हणून त्या दिवशी मी हट्टानं होडीत बसलो. माझं काम कसं चालतंय ते मीच बघणार म्हटलं. सासूबाई घाबरल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिवाकाकाकडे. काकानं हातानं काहीतरी खूण केली. मामांनी खांदे उडवले आणि दोरी ओढून इंजिन सुरू केलं.

जाताना काही झालं नाही. भरती होती, दांडीवर पाणी भरपूर होतं. बाहेर पडल्यावर भिवाकाकानं नारळ सोडला. मामा मधून मधून मागे वाकून इंजिनातून पाण्याची बारीक धार पडते का ते बघायचे. ती धार म्हणजे इंजिनाच्या पोटात थंड पाणी फिरतंय याची खूण. तिथले लोक त्याला सरळ 'इंजिन मुतता' म्हणतात. माझ्या काट्याकडे मात्र त्यांनी एकदाही बघितलं नाही.

बाहेर खडकापाशी जाळं टाकलं, ते अडकलं. ते सोडवण्यात वेळ गेला, आणि मी दोनदा ओकलो. परत फिरलो तेव्हा ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. खाडीतलं पाणी बाहेर धावत होतं आणि मागून वाऱ्यानं लाटा आत रेटत होत्या. दोघांची गाठ दांडीवर पडत होती. लांबून मला तिथं नुसती पांढरी रेघ दिसली. जवळ गेल्यावर ती रेघ पुरुषभर उंच झाली.

भिवाकाकाचा चेहरा तेव्हा बदलला. तो पुढच्या टोकावर गेला आणि उलटा बसला, समुद्राकडे तोंड करून. मला आधी वाटलं, हा येडा झाला काय! मग कळलं. आत शिरताना लाटा पाठीमागून येतात. सुकाणूवरच्या माणसानं मागे वळून बघायचं नसतं, वळला की हात हलतो आणि होडी आडवी होते. म्हणून मागचं सगळं पुढचा माणूस बघतो आणि हातानं सांगतो. तळवा उघडा म्हणजे हळू. बोट गरगर फिरवलं म्हणजे पळव. मूठ म्हणजे थांबव. मामांचे डोळे त्या हातावर खिळले होते, आणि दोघंही एक शब्द बोलत नव्हते. मी मध्ये, इंजिनाकडे तोंड करून बसलो होतो.

आणि माझा भोंगा ओरडायला लागला.

पहिल्यांदा, खरं सांगतो, मला आनंद झाला. चालला की लेका! मग मी काट्याकडे बघितलं. तो लाल पट्ट्यात शिरला होता. इंजिनातून धार पडत नव्हती, थेंब थेंब गळत होतं. समोर मामा, भोंग्यापासून वीतभर अंतरावर त्यांचा गुडघा, आणि चेहऱ्यावर रेष हललेली नाही.

"मामा!" मी ओरडलो. "तापलंय! बंद करा!"

ते भिवाकाकाच्या हाताकडे बघत होते.

"मामा, भोंगा वाजतोय! लाटांत शिरल्यावर जाम झालं तर मरू आपण! अजून बाहेर आहोत, आत्ता बंद करा!"

उलट त्यांनी इंजिनाची मूठ पिळून वेग वाढवला.

आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटावं? मला वाटलं, हा म्हातारा इंजिन जाळील, आपल्याला तिघांना बुडवील, पण माझं ऐकलं असं होऊ देणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर दर्शना आली. मी उठलो, म्हटलं, गेला मान खड्ड्यात, आपणच बंद करू. अर्धवट उभा राहिलो तोच मामांचा डावा पंजा माझ्या छातीवर बसला. माझ्याकडे न बघता त्यांनी मला असं ढकललं की मी माशांच्या टोपलीत बसलो.

त्याच वेळी भिवाकाकाची नजर माझ्यावरून भोंग्याकडे गेली. आवाज त्याला पोचला होता. त्यानं एकदा मागच्या लाटेचा अंदाज घेतला, ती जाऊ दिली आणि मूठ आवळून डोक्यावर धरली.

मामांनी तत्क्षणी इंजिन बंद केलं.

मी टोपलीत बसून बघत होतो. मी घसा फोडून ओरडलो ते नाही, आणि त्यानं नुसती मूठ दाखवली की लगेच! मला इतकं अपमानित कधी कुणी केलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण भांडायला वेळ कुठला? भिवाकाकानं नांगर टाकला. दोर ताणला गेला, होडीनं तोंड फिरवलं आणि नांगर वाळूतून खरडत सरकायला लागला. फुटणाऱ्या लाटांकडे आम्ही ढांगेढांगेनं चाललो होतो.

मामांनी इंजिन उचलून आडवं केलं. खालच्या पायाला, पाणी आत घेण्याच्या जाळीवर, दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक घट्ट चिकटलं होतं. ते वाकून नखांनी ओरबाडायला लागले. इंजिनाचा आवाज थांबला होता. आता होता तो फक्त लाटांचा, आणि त्यांच्या कानाशेजारी माझ्या भोंग्याचा. टीं टीं टीं टीं, डोक्यात खिळा ठोकल्यासारखा.

प्लॅस्टिक निघालं. मामा सरळ झाले. त्यांची नजर तबकडीवर गेली, लाल पट्ट्यातल्या काट्यावर. बराच वेळ त्यांनी तो बघितला. मग तीन वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या डोळ्यांत बघून बोलले.

"काटो तुझो बरो आसा," ते म्हणाले. "पण भोंगो वाजूक नाय रे तुझो."

भोंगा वाजत होता. त्यांच्या गुडघ्याला लागून वाजत होता, कोंबड्या उडवणारा, कुत्री रडवणारा. आणि ते माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघत होते, की पोरानं एवढी मेहनत केली आणि ऐनवेळी फसली.

मी भिवाकाकाकडे बघितलं. तो नांगराचा दोर दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्यानं दोर पायाखाली दाबला आणि मला हात जोडले.

"त्येका आयकाक येणा नाय," काका बोलला. आवाज खाली न करता, मामांच्या देखत. "तीन वर्सां झाली. जाडो आवाज जरासो कळता, बारीक कायच नाय. वयनीक आणि माका, दोघांकच म्हायत. खंय बोला नको, तुझ्या पायां पडतंय. बहिऱ्या माणसाच्या फाटसून गाव होड्यो घालीत काय?"

मामा दूर लाटांकडे बघत होते. त्यांच्याचबद्दल त्यांच्या तोंडावर बोलणं चाललं होतं आणि ते लाटा मोजत होते. मला रडूच फुटायचं राहिलं होतं. समुद्रावर सगळे हातानंच बोलतात, तिथं कुणाला पत्ता लागणार? आणि घरी सासूबाई होत्या. तीन वर्षं मी ज्याला राग समजत होतो तो राग नव्हताच. मी वेड्यासारखा, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी जगातला सगळ्यांत बारीक भोंगा शोधून आणला होता.

"काय झाला?" मामांनी मला विचारलं.

मी त्यांच्यासमोर तोंड धरून सावकाश म्हटलं, "नाही वाजला मामा. वायर सुटलीय."

त्यांनी मान हलवली. "होता तसा कधी कधी."

काटा खाली यायला लागला, भोंगा थांबला. पण नांगर अजून सरकत होता आणि पांढरं पाणी आता दोन होड्यांइतकं जवळ होतं. मामांनी दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. भिवाकाका पुटपुटला, "आवशीचो घो ह्या इंजिनाच्या!" तिसऱ्यांदा ते धरलं. धार आली, पण बारीक, कोरडा फिरून पाण्याच्या पंपाचा अर्धा जीव गेला होता. इंजिन पुन्हा तापणार हे मला दिसत होतं.

मी सरकून मामांच्या पायाशी बसलो, तबकडीकडे तोंड करून, आणि माझा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्यांनी खाली बघितलं.

"घाबरू नको," ते म्हणाले. "मी आसंय."

मला भीती वाटतेय म्हणून मी त्यांना धरलंय, असं त्यांना वाटलं. मी दुसऱ्या हातानं काट्याकडे बोट दाखवलं आणि गुडघा दाबला. काट्याकडे बोट, गुडघा दाबला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांचे डोळे भिवाकाकाच्या हातावर गेले, आणि गुडघा माझ्या हाताखाली जरासा वर आला. कळलं होतं. भोंगा आता मीच होतो.

काकानं नांगर खेचला आणि आम्ही आत शिरलो. पहिली लाट खालून गेली. काटा चढायला लागला की मी दाबायचो, मामा वेग उतरवायचे. काटा थांबला की मी हात सैल सोडायचो. दोन लाटा अशा गेल्या. मग मी मान वळवून बघितलं, तर काकाचे डोळे मोठे झाले होते. त्याचं बोट गरगर फिरायला लागलं, वेड्यासारखं, पळव पळव पळव. मामांच्या पाठीमागून लाटेची सावली आली. काटा लाल पट्ट्याला टेकला होता आणि भोंगा पुन्हा ओरडायला लागला होता.

माझ्या कामाप्रमाणे आता दाबायला हवं होतं. दाबलं असतं तर मामांनी नक्की वेग उतरवला असता, इतका वेळ त्यांनी माझा एकही इशारा चुकवला नव्हता. आणि वेग उतरला असता तर ती लाट आमच्या डोक्यावर फुटली असती. नाही दाबलं आणि इंजिन जाम झालं तरी तेच. मी काट्याकडे बघितलं, काकाच्या बोटाकडे बघितलं, आणि हात उचलून घेतला. मनात म्हटलं, जळू दे.

मामांनी मूठ पूर्ण पिळली. होडी लाटेच्या उतारावरून घसरल्यासारखी गेली, दोन्ही बाजूंनी फेस उसळला, मला काही दिसेना. आणि मग एकदम सगळं सपाट झालं. खाडीचं पाणी. इंजिनातून धूर येत होता, जळक्या रंगाचा वास येत होता, पण ते फिरत होतं. भिवाकाका दोन्ही हातांनी तोंड पुसत होता.

किनाऱ्याला लागेपर्यंत लोक कमरेएवढ्या पाण्यात आले. सगळ्यांत पुढे राजन कुबल.

"लवूनाना, डोक्यात काय भरलाहा तुझ्या?" तो ओरडला. "वाऱ्यावर भोंगो हयसर आमका आयकाक येय होतो, आणि तू लाटेत शिरतंस? तीन माणसां घालवतलं होतंस!"

मामा त्याच्याकडे बघत इंजिनाचे स्क्रू सैल करत होते. राजन मागून आला असता तर त्यांना पत्ताही लागला नसता. सासूबाई धावत पुढे यायला लागल्या, पण गर्दीत अडकल्या. मला काय सुचलं देव जाणे, मी मध्ये उडी मारली.

"ओ राजनभाऊ, त्यांना नका बोलू. भोंगा खोटा वाजत होता. वायर शॉर्ट झालीय माझी. मीच मामांना म्हटलं, लक्ष देऊ नका, तो असाच बोंबलतोय."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा किनारा हसायला लागला. जीव वाचला की लोक जास्तच हसतात.

"घाटयेचो भोंगो! उगाच बोंबलता!"

"उसाच्या फडात लाव म्हणावा, डुकरां तरी पळतीत!"

गर्दीतल्या दोघांनी आधीच माझ्याकडे असलाच भोंगा सांगितला होता. त्यातला एक म्हणाला, "माझो रद्द हां, जावयांनू." राजननं कमरेचा सुरा काढला. "खोटो वाजणारो भोंगो नसलेलो बरो. उद्या कोणतरी ह्येच्यार भरवसो ठेवून मरात," असं म्हणून त्यानं माझ्या वायरी मुठीत धरल्या. कापू दे म्हटलं. वायरी काय, पुन्हा जोडता येतात.

मामांनी सुरा बघितला. त्यांनी राजनचं मनगट धरलं आणि भिवाकाकाकडे वळून विचारलं, "काय बोलतत ते?"

भिवाकाकानं मान खाली घातली.

"भिवा, काय म्हणतत?"

काकानं एक बोट भोंग्याकडे केलं, दोन्ही हात कानांवर ठेवून दाखवले. मग बोट माझ्याकडे केलं आणि हात आडवा हलवला, खोटा म्हणून. पुढचं त्याला करवेना. पण मामांना तेवढं पुरलं. ते माझ्याकडे वळले.

"वाजलो होतो?"

मी मान हलवली नाही. पण माझ्या चेहऱ्यावर काय दिसायचं ते दिसलं असणार.

मामांनी राजनच्या हातातून वायरी सोडवून घेतल्या. मग त्यांना स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय याचा अंदाज नसल्यासारखे ते इतक्या मोठ्यानं बोलले की पार मागे माडाखालच्या बायकांनी माना वळवल्या.

"भोंगो खोटो वाजूक नाय. बरोबर वाजलो. माझ्या जावयान लावलेलो भोंगो बरोबर वाजलो. माकाच आयकाक येणा नाय. तीन वर्सां झाली, माका कायच आयकाक येणा नाय."

कुणी हसलं नाही. सासूबाई पाण्यातच खाली बसल्या. राजनच्या हातात सुरा तसाच होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

"उद्या राजनाक फुडे घाला," मामा म्हणाले. "वाट मी दाखवलंय, ती बघितलास मा? दांडी उत्तरेक सरकलीहा." आणि ते पुन्हा इंजिनाचे स्क्रू सोडवायला लागले, जसं काही झालंच नव्हतं. पण पाना दोनदा निसटला.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ज्यासाठी तीन वर्षं जीव टांगणीला लावून बसलो होतो ते मला सगळ्या गावासमोर मिळालं होतं, आणि मला ते नको होतं. परत घ्या म्हणावंसं वाटत होतं.

"कशाला बोललात मामा?" मी म्हटलं. "मी निभावलं होतं ना."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

"तुझा काम चोख होता," ते म्हणाले. "ता माझ्यापायी खोटा पडाक नको."

मग त्यांनी इंजिन उचललं आणि एक बाजू मला धरायला दिली. ते अजून इतकं गरम होतं की हात भाजत होता. आम्ही दोघं ते घेऊन लोकांमधून वर चढलो, आणि लोक बाजूला झाले.